किटली कोणी हलवली

पहिल्या शॉटमध्ये किटलीची तोटी खिडकीकडे होती आणि दुसऱ्या शॉटमध्ये दाराकडे. दोन्ही शॉट एकाच वाक्याचे होते. ते वाक्य आम्ही सरांकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं, एकदा लांबून आणि एकदा जवळून. असं करताना टेबलावरची वस्तू तसूभरही हलता कामा नये, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. आता दोन शॉट जोडले की सर बोलता बोलता किटली आपली आपणच गर्रकन फिरत होती. मी हेडफोन काढून टेबलावर आदळले आणि चष्म्याच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली.

"मी हातसुद्धा लावला नाही," चष्मा म्हणाला.

"मग काय, किटलीला पाय फुटले?"

"फुटले असतील. मला काय विचारतेस, तूही तिथेच होतीस."

होते ना. माइक धरून तिथेच उभी होते आणि मलाही काही दिसलं नव्हतं. म्हणून तर जास्त चिडले होते.

चष्मा म्हणजे आमचा कॅमेरावाला. तो चष्मा लावत नाही, कधीकाळी लावायचा. दिग्दर्शकाला सगळे प्रोफेसर म्हणतात, कारण तो चहा मागवतानाही आधी प्रस्तावना करतो. मी संकलन आणि आवाज बघते, म्हणजे या दोघांनी घातलेला घोळ निस्तरते. फिल्मच्या कॉलेजात आमचं शेवटचं वर्ष होतं आणि अर्ध्या तासाचा माहितीपट करून द्यायचा होता. विषय मीच सुचवला होता: माझ्या शाळेतले चित्रकलेचे सर. त्यांच्यावर जीव न टाकणारा एकही विद्यार्थी मला माहीत नव्हता. शाळेनेही सांगितलं होतं की वार्षिक समारंभात फिल्म दाखवू. सोपा विषय आहे, असं मी छातीठोकपणे म्हटलं होतं. हे वाक्य मला नंतर बरेच दिवस ऐकवण्यात आलं.

प्रोफेसर माझ्या खुर्चीमागून वाकून बघत होता. त्याने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा, आणि मग मांडीवर थाप मारली.

"अगं, सरांनीच हलवली असणार. तूच ना सांगितलीस ती गोष्ट?"

मी कपाळाला हात लावला.

सरांचा वर्ग असा असायचा. मधल्या टेबलावर पांढरी इनॅमलची किटली, निळ्या काठाची, झाकणाचा एक टवका उडालेला. आम्ही भोवती ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन. खोडरबर वर्गात आणायचा नाही. सर बाकांमधून फिरायचे, कोणाच्या खांद्यावरून वाकून बघायचे, भलत्याच गप्पा मारायचे आणि जाता जाता कधीतरी किटली फिरवून पुढे जायचे. कधी बोटभर, कधी पार उलटी. ज्याच्या लक्षात येईल त्याने फक्त म्हणायचं, "सर, पकडलं." मग सर स्वतःचं उंच लाकडी स्टूल त्याला द्यायचे. वाळलेल्या रंगाच्या ओघळांमुळे त्या स्टुलाचा मूळ रंग कोणता होता हे कळायची सोय उरली नव्हती. घंटा होईपर्यंत पकडणारा स्टुलावर आणि सर त्याच्या बाकावर. शाळेत कप आणि प्रमाणपत्रं पुष्कळ वाटली जायची, पण त्या स्टुलापुढे ती सगळी फिकी होती.

मी त्यावर एकदाही बसले नाही. माझं चित्र चांगलं असायचं, भिंतीवर लागायचं. पण मी किटलीकडे सुरुवातीला एकदा बघायची आणि मग मान खाली घालून मनातली किटली काढत बसायची. सर कागदाकडे बघून म्हणायचे, "सुंदर. पण ही किटली कुठली?" त्यांनी मला घाई हे नाव ठेवलं. शाळा सुटून इतका काळ गेला तरी ते मला घाईच म्हणतात.

त्यामुळे किटली फिरलेली मला दिसली नाही यात नवल काहीच नव्हतं. पुन्हा दिसली नाही, याचा राग होता.

प्रोफेसर मात्र हरखून गेला होता. "फिल्म मिळाली आपल्याला," तो म्हणाला. "सर आपलीच परीक्षा घेतायत. आपण त्यांना शूट करतोय आणि ते आपल्याला तपासतायत. जोड तसंच. बघणाऱ्याला दिसलं तर दिसलं." असलं काही त्याला सुचलं की त्याच्याशी वाद घालणं म्हणजे डोक्याचा भुगा करून घेणं. शिवाय ते मला पटलंही होतं.

जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती झाल्या. त्यात एक बेकरीवाला होता, एक बस चालवणारी बाई, एक शिंपी, एक कान-नाक-घशाचा डॉक्टर. ज्याला विचारावं तो त्या स्टुलावर बसलेला. हे सगळे खरं बोलत असतील तर स्टुलाला श्वास घ्यायलाही फुरसत मिळाली नसती. बेकरीवाला म्हणाला, "भट्टीत हात घालायच्या आधी मी एकदा नीट बघतो. काल ट्रे जिथे होता तिथेच आज असेल असं धरून चालत नाही. माझी बोटं सरांमुळे शाबूत आहेत." बस चालवणारी बाई तर सरांचा विषय निघाल्यावर रडलीच, आणि मग आमच्यावर चिडली की रडताना का घेतलं. मला ती फार आवडली.

पण खुद्द सरांचं काय करायचं ते मला उमगेना. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की किटली त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातली. आईचा हात एकदा तिच्या वाफेने पोळला होता, तेव्हापासून ती कपाटावर गेली आणि तिथून शाळेत. आम्ही तिघंही गप्प बसून ऐकत होतो. पुढच्या आठवड्यात म्हणाले की भंगारवाल्याकडे पडलेली होती, बुडाला भोक होतं म्हणून त्याने फुकट दिली. तिसऱ्यांदा एका विद्यार्थिनीने शाळा सोडताना भेट दिली होती, आणि ती मुलगी बोबडी होती, तिला किटली म्हणता यायचं नाही. प्रत्येक गोष्ट इतकी बारीकसारीक तपशिलांसकट की तिन्ही खऱ्या वाटाव्यात.

"यातली ठेवू कुठली?" मी विचारलं.

"तिन्ही ठेव," प्रोफेसर म्हणाला. "सर गोष्टसुद्धा हलवतायत. कमाल माणूस आहे."

मला पटलं. म्हणजे पटल्यासारखं झालं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते पटेनासं व्हायचं आणि सकाळी कॉलेजात आलं की पुन्हा पटायचं.

मग बुटांचं झालं. सर फळ्यापाशी उभे होते आणि चष्म्याने कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं. "सर, बूट," तो म्हणाला. एका पायात काळा होता, एका पायात तपकिरी. सरांनी खाली बघितलं. थोडा वेळ नुसते बघतच राहिले. मग दोन्ही हात वर करून म्हणाले, "दिसलं का शेवटी? कधीचा वाट बघतोय." आम्ही हसून हसून बेजार झालो. सरांनी लगेच स्टूल पुढे केलं आणि चष्मा त्यावर ऐटीत बसला, फोटोही काढून घेतला. हा परक्या शाळेतला, सरांना ओळखायला लागून जुम्मा जुम्मा आठ दिवस झालेले, आणि हा स्टुलावर. माझा चेहरा त्या फोटोत मागे दिसतो. तो बघण्यासारखा आहे.

एकदा मी त्यांच्या कॉलरला माइक लावत होते तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "चिमणी, जेवलीस का?" चिमणी हे त्यांच्या मुलीचं घरातलं नाव. मला इतकं भरून आलं की मी हो म्हटलं आणि दुरुस्त केलं नाही. त्यांनीही केलं नाही. हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. ते माझं एकटीचं होतं, असं मला वाटलं.

त्यांच्या मुलीला आम्ही ताई म्हणायचो. ती दातांची डॉक्टर. तिची मुलाखत दवाखान्यातच घेतली, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी पेशंटच्या खुर्चीत बसले, आणि तिने सवयीने खुर्ची मागे झुकवली, मग हसून पुन्हा सरळ केली. मुलाखत छान झाली. लहानपणी घरातही बाबा वस्तू हलवायचे, मीठ साखरेच्या जागी ठेवायचे, असं तिने सांगितलं. मग तिने चष्म्याला आणि प्रोफेसरला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"तुला एक विचारायचंय," ती म्हणाली. "तू त्यांना रोज बघतेस. कॅमेऱ्यातून, हेडफोनमधून. मला फक्त सुट्टीच्या दिवशी दिसतात. तुला काही वेगळं वाटतं का?"

"वेगळं म्हणजे, ताई?"

"मागे त्यांनी बसस्टॉपवरून फोन केला की घरी जायला कुठली बस. मी घाबरले, गाडी काढून तिथे पोचले तर हसायला लागले. म्हणाले, बघत होतो तू येतेस का. शेगडी चालू राहिली होती, तर म्हणाले, तुला वास येतो का ते बघत होतो. सगळ्याला उत्तर तयार. आणि बाबा आयुष्यभर असेच वागलेत, त्यामुळे मला काही म्हणजे काही कळत नाही."

बोलताना ती हातमोज्याची बोटं एकेक करून ओढत होती. सर कधीच निवृत्त झाले होते; शाळा त्यांना दर वर्षी पुन्हा बोलावत होती. या वेळी मुख्याध्यापिकांनी ताईला आधी विचारलं होतं. "पुढच्या वर्षी वर्ग द्यायचा की नाही, ते माझ्या शब्दावर आहे. वर्ग काढून घेतला तर ते घरात बसून संपतील. मला माहितीये. आणि नाही काढला, आणि खरंच काही असलं, तर तिथे लहान पोरं असतात, त्यांच्या हातात कागद कापायची कटरं असतात. तू सांग. तू त्यांची विद्यार्थिनी आहेस, तुझ्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही."

मला तेव्हा हसू यायला हवं होतं. माझ्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही.

"ताई, ती त्यांची जुनी सवय आहे," मी म्हटलं. "ते आमच्याशीही तसंच करतात. बूटसुद्धा बदलून आले होते. तुम्ही उगाच काळजी करू नका."

तिच्या जिवात जीव आला. मला जवळ घेऊन ती म्हणाली, "मग मी शाळेला हो सांगते." दवाखान्यातून बाहेर पडताना मी स्वतःवर फार खूश होते. सरांचा वर्ग मी वाचवला होता.

शेवटचं शूटिंग वर्गातच केलं, सातवीच्या पोरांबरोबर. कॅमेरे दोन होते. एक चष्म्याच्या हातात, दुसरा कपाटावर ठेवलेला, सगळा वर्ग एकदम दिसेल असा. सरांच्या कॉलरला माइक होता. सरांनी किटली मांडली, पोरांना कामाला लावलं, मग जाता जाता कॅमेऱ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि किटली खिडकीकडे फिरवली. मग बोर्ड घेऊन पोरांमध्येच चित्र काढायला बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "किटली कोणी हलवली?" सगळा वर्ग खदखदून हसला. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्हीच तर हलवलीत." सर म्हणाले, "दिसलं का शेवटी?" आणि तेही हसले. प्रोफेसरने तिथेच ठरवलं की फिल्म इथे संपणार. मलाही दुसरा शेवट नको होता.

तो शेवट जोडताना मी आवाज जुळवत होते. दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी शेजारी लावायची आणि कॉलरच्या माइकचा आवाज त्यांच्याशी मिळवायचा, हे रोजचंच काम. वर्गाच्या गोंगाटात सरांचा माइक मी एरवी बंद ठेवते, कारण त्यात नुसता कपड्यांचा खसफसाट असतो. जुळवण्यासाठी म्हणून तो एकटाच चालू केला.

"इकडे होती," सर पुटपुटत होते. "इकडे... खिडकी इकडे. दार. दार तिकडे. मग तोटी?" पेन्सिलीचा आवाज थांबला. मग बोटाने कागद जोरजोरात घासल्याचा आवाज आला. वर्गात खोडरबर नको म्हणणारा हा माणूस थुंकीने रेघ पुसत होता. "इकडेच होती की." बराच वेळ नुसता श्वास. मग मोठ्याने, "किटली कोणी हलवली?"

चष्म्याच्या कॅमेऱ्यात त्या वेळी हसणारी पोरं होती. कपाटावरच्या कॅमेऱ्यात सर होते. ते हसत नव्हते. ते एकेका पोराच्या तोंडाकडे बघत होते, अगदी पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत, परक्या गावात पत्ता विचारायला कोण बरं वाटतंय ते बघावं तसे. मुलगी बोलली, मग ते हसले. आणि हसणं संपत आलं तेव्हा माइकमध्ये एक वाक्य होतं, इतकं हळू की मी ते आवाज वाढवून वाढवून ऐकलं.

"बरं झालं. हसली पोरं."

मी आवाज तिथेच थांबवला. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी दिव्याचे स्टँड ओढत नेत होतं आणि त्या आवाजाने मी दचकले.

मी दोघांना बोलावून ऐकवलं. चष्म्याने ऐकलं आणि संकलनाच्या खोलीच्या खिडकीवरच्या काळ्या कागदाकडे बघत बसला. प्रोफेसरने मात्र तिथेही वाट काढली.

"त्यांना माइक लावलाय हे माहीत होतं ना? मग? ते तुझ्यासाठी बोललेत. आवाज तूच ऐकणार हे त्यांना ठाऊक आहे. तुला पकडायला लावतायत."

"आणि तसं नसेल तर?"

"असेल. सर आहेत ते."

मी त्याला वाटेल ते बोलले. खरं तर त्याचं म्हणणं खोटं आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. सर तसं करू शकले असते, तीच तर सगळी पंचाईत होती. ज्या माणसाने जन्मभर मुद्दाम गोष्टी जागच्या हलवल्या, त्याच्या हातून नकळत हलली ती कुठली, हे कोणी कसं ओळखायचं? मी पुन्हा पुन्हा ते वाक्य ऐकलं. एकदा वाटायचं, घाबरलेत. एकदा वाटायचं, खोड्या काढतायत. शेवटी ते शब्दच राहिले नाहीत, नुसता आवाज झाला. आणि तिकडे ताईने माझ्या शब्दावर शाळेला हो कळवलं असणार.

फिल्म त्या दोघांच्या हवाली करून मोकळं व्हावं असंही मनात आलं. पण मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग सरांचाच येत होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटी चित्रकलेच्या खोलीत गेले. निमित्त खोलीचा आवाज घ्यायचं होतं. कुठलीही खोली गप्प असली तरी तिचा म्हणून एक आवाज असतो, आणि दोन वाक्यांमधली फट बुजवायला तो लागतो. या खोलीत नळ ठिबकायचा आणि पंखा एका फेरीत एकदा कुरकुरायचा. सर स्टुलावर बसून ब्रश पुसत होते.

"माणसं आवाज घेऊन जातात, तू शांतता घ्यायला आलीस," ते म्हणाले. "घे. इथे पुष्कळ आहे."

मी रेकॉर्डर चालू केला. सर हलले नाहीत. ब्रश हातात तसाच धरून बसले होते, शहाण्या मुलासारखे. मला ते बघवेना. रेकॉर्डर तसाच चालू ठेवून मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि हेडफोन त्यांच्यापुढे धरले.

"सर, हे ऐका."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे उघडले आणि पडद्यावर स्वतःला बघितलं, एकेका पोराचं तोंड न्याहाळताना. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले, किटलीच्या शेजारी.

"तुम्ही आम्हाला फसवत होतात ना?" मी म्हटलं. "माइक लावलाय हे माहीत होतं तुम्हाला. माझ्यासाठी बोललात ना ते? सर, सांगा ना." मी गयावया करत होते. त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी मी विश्वास ठेवला असता आणि हसत घरी गेले असते.

सर उठले. स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं.

"बस," ते म्हणाले.

"सर, नको."

"पकडलंस. बस."

मी बसले. इतक्या लोकांनी त्या स्टुलाबद्दल भरभरून सांगितलं होतं, पण ते एका बाजूला डुगडुगतं हे कोणीच सांगितलं नव्हतं. सर समोरच्या बाकावर बसले, मी शाळेत बसायची त्याच रांगेत. मी रडायला लागले आणि त्यांनी मला रडू दिलं.

"माइकचं मी विसरलोच होतो," ते म्हणाले. "आधी मी खरंच फिरवायचो गं. मग एकदा पोरं म्हणाली, सर पकडलं, आणि मला आठवेचना मी फिरवली कधी. म्हटलं, दिसलं का शेवटी? पोरं खूश. तिथून ते फार सोयीचं पडलं. बूट, बस, शेगडी, सगळीकडे चालतं."

"ताईला का नाही सांगितलंत?"

"मला वाटायचं कोणीतरी पकडेल. आयुष्यभर दुसरं शिकवलंय काय मी? पण जो तो हसतो." त्यांनी किटलीचं झाकण उचलून उगाच पुन्हा ठेवलं. "चिमणीला मी सांगतो. तू बरोबर चल. मी अर्ध्यातून भलतंच सांगायला लागलो तर टोक."

"मीच तिला सांगितलंय की काही नाही म्हणून," मी म्हटलं.

"मग दोघंही जाऊ."

"आणि वर्ग, सर?"

"एकट्याने घ्यायचा नाही आता. बघणारं कोणीतरी हवं खोलीत. शाळेला ते जमलं तर ठीक." भिंतीवर पोरांच्या किटल्या ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येकीची तोटी वेगळीकडे.

मग त्यांनी हात पुढे करून, माझ्या देखत, किटली सावकाश फिरवली. तोटी माझ्याकडे आली.

"आता ही अशी आहे. बघितलंस नीट?"

"बघितलं."

"मी विचारलं की सांगायचं. हसायचं नाही."

त्यांनी एक बोर्ड मला दिला आणि एक स्वतः घेतला. आम्ही काढायला लागलो. मी मान खाली घातली नाही. टवका उडालेलं झाकण, काठाच्या निळ्या रेघेतली बारीक चीर, तोटीच्या तोंडाशी जमलेला गंज, हे सगळं शाळेत असल्यापासून माझ्यासमोर होतं आणि मी ते आज पहिल्यांदा बघत होते. मधूनच सरांकडेही बघत होते. त्यांची पेन्सिल झरझर चालली होती, मग हळू झाली, मग थांबली. त्यांनी वर बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"घाई," ते म्हणाले, "किटली कोणी हलवली?"

खरंच विचारत होते की मी शब्द पाळते का ते बघत होते, मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

"तुम्हीच, सर," मी म्हटलं. मी हसले नाही.